पालकांनाही सल्ला लागतो : आमचा अनुभव

(वर्षावासातील रविवारच्या व्याख्यानमालेत विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला ‘मुलांवरील संस्कार’ हा विषय दिला होता. आम्ही तो बदलून मागितला. संस्कारांवर बोलण्याइतके आम्ही मोठे नाही. आमच्या हातून काय चुकले आणि त्यातून बाहेर पडायला कोणाची मदत झाली, एवढेच आम्ही दोघं नवरा-बायको सांगू शकतो. म्हणून माईकसमोर दोघंही उभे आहोत.

आम्ही आमच्या मोठ्या मुलाला मारत होतो. चापट-बिपट नव्हे, पट्ट्याने. मारणारा हात एकाचाच होता. दुसरी दाराशी उभी राहून “पुरे आता” म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याची वही दाखवून तक्रार करायची. तेव्हा कोणी मारले आणि कोणी बघितले हा हिशेब आता करत नाही. आम्ही मारले, असेच म्हणतो.

ही गोष्ट २०१३ सालची. मुलगा पाचवीत होता. बोलायला चुणचुणीत. त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना सगळे तोंडपाठ. १४ एप्रिलला याच विहाराच्या स्टेजवर त्याने भाषण केले तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. पण पुस्तक हातात दिले की अडला. एक पान वाचायला अर्धा तास. जोडाक्षर आले की पुढचे-मागचे अक्षर उलटे. पंधराचे एक्कावन्न व्हायचे. शाळेतून शेरा यायचा, ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’. आम्हाला वाटले, पोरगा माजलाय. भाषण पाठ होते आणि धडा वाचता येत नाही, याचा दुसरा अर्थ आम्हाला लावताच आला नाही.

आणि मग आपल्या घराघरात जे वाक्य आहे ते आम्ही रोज म्हणायचो. बाबासाहेब दिव्याखाली बसून अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला ट्यूबलाईट आहे, पंखा आहे, क्लास आहे, तरी तुला जमत नाही? त्याला मार बसायचा तोसुद्धा बाबासाहेबांच्या फोटोखालीच. कारण अभ्यासाचे टेबल तिथेच होते.

एकदा संध्याकाळी कामावरून आलो तर हॉलमधला फोटो भिंतीकडे तोंड करून लावलेला. आमच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी सगळ्यात जास्त मारले. रात्री तो घरात नव्हता. वस्तीतली माणसे शोधायला निघाली, तुमच्यापैकी काही जण त्यात होते. साडेअकराला आपल्याच एका रिक्षावाल्या भावाला तो स्टेशनच्या पुलाखाली बसलेला सापडला. त्यानंतर चार दिवस तो आमच्याशी बोलला नाही. आम्हीही बोललो नाही, कारण काय बोलायचे ते सुचत नव्हते.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. आजी म्हणाली, नजर लागलीय, दोरा बांधा. १९५६ च्या दीक्षेला आणि बावीस प्रतिज्ञांना आपल्या घरात दोन पिढ्या झाल्या, तरी अडचण आली की दोरा गुपचूप परत येतो. एका नातेवाइकाने बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणाऱ्या एका माणसाकडे पाठवले. त्याने दहाही बोटांचे ठसे घेतले आणि रंगीत छापलेला चाळीस पानांचा रिपोर्ट दिला. चार हजार रुपये गेले. मुलगा ‘दृश्य पद्धतीने शिकणारा’ आहे आणि पुढे मॅनेजमेंटला जाईल, असे त्यात होते. ठशांवरून बुद्धी मोजण्याला शास्त्राचा आधार नाही, हे आम्हाला नंतर कळले. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले होते की कोणी सांगतो म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका. ते आम्ही इथे बसून कितीदा ऐकले असेल. दोरा आम्ही नाकारला, पण रंगीत कागद नाकारता आला नाही.

शेवटी आपल्या महिला मंडळातल्या एका ताईंनी मार्ग दाखवला. त्या पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर आहेत. म्हणाल्या, मुलांच्या मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे कौन्सेलर असतात, घेऊन जा. आम्ही पटकन म्हणालो, “आमचा मुलगा वेडा नाही.” ताई म्हणाल्या, “तो नाहीये. पण दोन वर्षं रोज मारताय, फरक पडत नाही, तरी उद्या पुन्हा मारणार. मग शहाणं कोण म्हणायचं?”

गेलो. कामावर खाडा करून, केसपेपर काढून, लाकडी बाकावर तीन तास बसून. पहिल्या दिवशी मुलाला फार विचारलेच नाही. डोळे आणि कान तपासायला पाठवले, कारण कमी दिसण्याने किंवा कमी ऐकू येण्यानेही मूल मागे पडते. मग आम्हाला समोर बसवले. बाळंतपण कसे झाले, मूल कधी चालले, कधी बोलले, घरात कोणाला वाचायला असा त्रास होता का, शाळा किती वेळा बदलली. आम्ही वह्या आणि प्रगतिपुस्तके नेली नव्हती. पुढच्या वेळी आणा म्हणाल्या. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी न्या, एक खेप वाचेल.

त्या बाईंनी शेवटी एक प्रश्न विचारला. अभ्यास सोडून मुलाशी तुम्ही शेवटचं काय बोललात? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बराच वेळ उत्तर आले नाही.

पुढे तीन-चार खेपांत चाचण्या झाल्या. बुद्धी चांगली होती. वाचनाची आणि लेखनाची अध्ययन अक्षमता होती, म्हणजे डिस्लेक्सिया. २००७ साली ‘तारे जमीन पर’ पिक्चर आला तेव्हा आम्ही रडलो होतो. पण पिक्चरमधला मुलगा आपल्याच घरात जेवतोय हे ओळखले नाही. हा आजार नाही, औषधाने जात नाही. खास पद्धतीने शिकवावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झालेला आहे, आणि ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचे प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. मूल साधारण आठ वर्षांचे झाल्यावर ही तपासणी नीट करता येते. पाचवीपर्यंत आम्ही थांबलो ते फुकट थांबलो.

पण मुलाचे निदान झाले तरी आमचे काय? मुलापेक्षा आमच्याच खेपा जास्त झाल्या. आमच्यातला बाप दोन वेळा गेला आणि तिसऱ्या वेळी म्हणाला, मी येणार नाही, ती बाई मलाच पेशंट समजते. महिनाभर गेला नाही. परत गेला तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या वडिलांबद्दल बोलला. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. त्यानंतर घरात मार सुरू झाला, आणि प्रत्येक फटक्याबरोबर एकच बोलणे, शीक, नाहीतर माझ्यासारखा होशील. तो शिकला, नोकरीला लागला. त्यामुळे मार खाऊनच माणूस घडतो हे त्याच्या डोक्यात पक्के बसले. मुलगा धडा वाचताना अडला की त्याला मुलगा दिसायचाच नाही, बंद गिरणीचे फाटक दिसायचे. हे त्याने आम्हाला घरी कधी सांगितले नव्हते. लग्नाला तेरा वर्षे झाली होती.

कौन्सेलर बाई आपल्या समाजाच्या नव्हत्या. सुरुवातीला आम्ही हातचे राखूनच बोलायचो. मुलाला शाळेत काय काय ऐकावे लागते ते सांगायचे की नाही, असे वाटायचे. मग एकदा सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, “मुलं बोलतातच” असे म्हणाल्या नाहीत. आमचे मत असे, की समुपदेशक कोणत्या समाजाचा आहे हे बघू नका, पण जातीचा अपमान सांगितल्यावर जो ते हसण्यावारी नेतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. दुसरा शोधा.

घरी करायला त्यांनी काम दिले होते. रोज पंधरा मिनिटे मुलाबरोबर बसायचे. तो म्हणेल तो खेळ. त्या वेळात शिकवायचे नाही, सुधारायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. ऐकायला सोपे वाटते ना? आठ दिवस आम्हाला पाच मिनिटेही जमले नाही, तोंडातून “हे असं नाही, असं कर” निघायचेच. दुसरे काम, राग आला की बाहेर नळापर्यंत जाऊन यायचे. शेजारी विचारायचे, दादा इतक्या वेळा नळावर काय करतात?

त्याच दिवसांत भंतेजींनी इथे सिगालोवाद सुत्त समजावले. दीघनिकायातले हे सुत्त आपल्याला नवे नाही. आईवडिलांप्रती मुलांची पाच कर्तव्ये आम्ही आमच्या मुलांकडून पाठ करून घेतली होती. त्याच्याच पुढे आईवडिलांची पाच आहेत : वाईटापासून आवरणे, चांगल्यात लावणे, विद्या-कला शिकवणे, योग्य जोडीदार बघून देणे, वेळेवर वारसा हाती देणे. ती आम्ही कधी पाठ केली नव्हती. आणि मज्झिमनिकायात भगवंत छोट्या राहुलला खोटे बोलण्याबद्दल समज देतात ते पाहा. भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवतात, ते सांडतात, भांडे उपडे करतात. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, बघण्यासाठी. तसेच कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ, असे सांगतात. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका या सर्वांनी ऐकावा म्हणून या उपदेशाचे नाव कोरून ठेवले आहे. त्यात फटका नाही, आणि दुसऱ्या कोणाशी तुलनाही नाही.

बाबासाहेबांबद्दलही एक गोष्ट आम्ही उशिरा वाचली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे त्यांनी आणि माता रमाईंनी गमावली. १९२६ साली राजरत्न गेल्यावर त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून मनातले दुःख मोकळे केले. आम्ही मुलाला अठरा तासांचा अभ्यास सांगत राहिलो, त्यांच्यातला हा बाप त्याला कधी सांगितला नाही.

आता कामाचे. मुंबईत मुलांसाठीचे मार्गदर्शन केंद्र ही काही नवी फॅशन नाही. आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने देशातले पहिले असे केंद्र १९३७ सालीच इथे सुरू केले. सायन, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आय.पी.एच. संस्था आहे. जाणे शक्य नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. पालकांनीही फोन करावा. मूल संकटात असेल तर १०९८. आणि मूल मरणाची भाषा बोलत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा, त्याला एकटे सोडू नका.

खासगीत जाणार असाल तर शिक्षण विचारायला लाजू नका. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. फी आधी विचारा. बाहेर बातमी फुटेल ही भीती सगळ्यांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल, किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर मात्र त्यांना गप्प बसता येत नाही. अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या मुलाने मार्च २०१९ मध्ये जादा वेळ घेऊन दहावीची परीक्षा दिली. त्रेपन्न टक्के मिळाले. पेढे वाटले तेव्हा काहींनी टक्के ऐकून पेढा हातात तसाच धरला होता, ते आम्ही पाहिले. पुढे आय.टी.आय. करून तो इलेक्ट्रिशियन झाला. या विहाराचे वायरिंग गेल्या वर्षी त्यानेच केले. सगळे गोड झाले असे नाही. धाकटीच्या मोबाईलवरून घरात अजून आवाज चढतो, आणि पट्ट्याचा विषय निघाला की मोठा उठून बाहेर जातो. त्याची आम्ही माफी मागितली आहे. त्याने अजून काही उत्तर दिलेले नाही.

विहाराच्या फळ्यावर हे नंबर आम्ही लिहून ठेवले आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बालवर्ग सुटल्यावर आम्ही मागच्या खोलीत बसतो. आम्ही कौन्सेलर नाही, सल्ला देणार नाही. पण पहिल्यांदा ओपीडीला जाताना सोबत हवी असेल तर आमच्यापैकी एक जण खाडा करून तुमच्याबरोबर येईल. वह्या, प्रगतिपुस्तके आणि डबा बरोबर घ्या.

जयभीम.