सैनिकाचे मूल आणि आपली शाळा



सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द उगाच जोडला गेलेला नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ साली स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. हा इतिहास आपण वर्गात अभिमानाने सांगतो, आणि तो सांगावाही.

परंतु सातारा-सांगलीच्या अनेक वर्गांत असे एखादे मूल असते, की ज्याचा पिता आज सीमेवर आहे. शौर्यकथेतील मरण इतरांना गोष्ट वाटते. त्याला ती घरची भीती असते. म्हणून सीमेवरील चकमकीची वार्ता आली असता त्याला चारचौघांत वडिलांविषयी विचारू नये.

पिता रजेवर आला, म्हणजे मूल दोन-चार दिवस शाळेत दिसत नाही. तो कामचुकारपणा नव्हे. बुडालेला पाठ मागाहून करून घ्यावा. बदलीमुळे आई सत्राच्या मध्यास दाखला मागावयास आली, तर तिला दुसरी खेप घालावयास लावू नये. शेत, सासूसासरे व मुले यांचा भार तिच्या एकटीवर असतो. शिष्यवृत्तीचे किंवा निवृत्तिवेतनाचे कागद तिला उमजत नसतील, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट दाखवावी.

घराची घडी नीट आहे, या भरवशावर जवान पहारा देतो. तो भरवसा राखण्यात शाळेचाही वाटा असावा, एवढीच विनंती.