झेंड्याची दोरी

(पेण व रोहा तालुक्यांतील महिला सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांच्या पेण येथील शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



शिबिराच्या पत्रकात या सत्राला 'राष्ट्रध्वज : रंग आणि अर्थ' असे नाव दिले आहे. सकाळी चहाच्या वेळी एक जण मला म्हणाली, "ताई, हे तर शाळेतच झालं. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. आता परत कशाला?" तिचे बरोबर आहे. पण गेल्या वर्षी रोहा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीसमोर मी जे पाहिले ते आधी सांगते, मग रंगांकडे येऊ.

१५ ऑगस्टची सकाळ, बारीक पाऊस. सरपंच बाई कातकरी वाडीवरच्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या. नवी साडी नेसून, अर्धा तास चिखल तुडवून वेळेवर आल्या. खांबापाशी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आधीच उभे होते. "बाईंना सवय नाही, गाठ अडकली तर झेंड्याचा अपमान व्हायचा," असे म्हणून त्यांनीच दोरी ओढली. सगळ्यांनी सलामी दिली. सरपंच बाई अंगणवाडीच्या मुलांच्या मागे उभ्या होत्या. नंतर मी त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "गाठ मला खरंच येत नाही. कोणी कधी दाखवलीच नाही." मला काही उत्तर देता आले नाही. समाजकार्याच्या पदवीला आम्हाला सक्षमीकरणावर पुष्कळ वाचायला होते. झेंड्याची गाठ त्यात कुठे नव्हती.

आता तुम्हीच सांगा, इथे किती जणींनी ग्रामपंचायतीसमोर स्वतः दोरी ओढली आहे? हात वर करा. बघा, मोजायला एका हाताची बोटे पुरली. बाकीच्यांच्या गावात कोण ओढतो? नवरा, दीर, उपसरपंच. हो ना?

तर रंग. रंगांचा अर्थ वरून ठरून आलेला नाही, तो माणसांनी ठरवला आणि बदललासुद्धा. १९२१ साली पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला, तेव्हा तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि इतर सगळ्यांसाठी पांढरा, असा हिशेब होता. त्यावर वाद झाले. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा हे रंग घेतले आणि ते कोणत्याही धर्माचे नाहीत असे ठरावातच सांगितले. पुन्हा कोणी रंग वाटून घ्यायला लागले, तर तुम्हाला ही गोष्ट ठाऊक असू द्या.

त्याच्याही आधी, ऑगस्ट १९०७ मध्ये, जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा उघडला तो भिकाईजी कामा या पारशी बाईने. हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पट्टे, वर आठ कमळे, मधे देवनागरीत 'वंदे मातरम्'. तो झेंडा आज पुण्याला केसरीवाड्यात आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला पुढारी पकडले गेल्यावर मुंबईत गवालिया टँकवर झेंडा चढवला तो अरुणा असफ अली यांनी. त्यांना 'सवय नाही' असे कोणी म्हणाले नाही. म्हणायला पुढारी बाहेर नव्हते, हेही खरे!

पांढऱ्या पट्ट्यावर त्या काळी चरखा होता. विनोबा आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, म्हणून चरखा आपल्याला परका नाही. पण सूत कोण काततं? देशभर घराघरात ते बाईचे काम. त्या झेंड्यावर बाईच्या हाताचे हत्यार होते, एवढे आपण लक्षात ठेवू. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने आजचा झेंडा मंजूर केला आणि चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र आले. कारण साधे दिले गेले : चरखा दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखे. गांधीजींना हे रुचले नव्हते. कारण पटण्यासारखे आहे, मी नाही म्हणत नाही. पण चाक राहिले आणि चाती नि सूत गेले, हेही तितकेच खरे. या नव्या झेंड्याची पहिली प्रत आपली आई सुरैया तय्यबजी यांच्या देखरेखीखाली शिवली गेली, असे लैला तय्यबजी यांनी लिहिले आहे. शाळेच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचले आहे का?

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीच्या सभागृहात झेंडा आला तोही बायांकडून. हंसा मेहता यांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने तो सभागृहाला अर्पण केला. चौऱ्याहत्तर स्त्रियांची नावे त्यांच्या यादीत होती. याच हंसाबाईंनी पुढे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष' या अर्थाचे शब्द काढून 'सगळी माणसे' असे करायला लावले. म्हणजे स्वतंत्र देशाला झेंडा दिला स्त्रियांनी, आणि गावात तीच दोरी धरायला सरपंच बाईला परवानगी लागते!

शिवण्याचेही तसेच. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. तिथे काम करणाऱ्या बहुतेक बायाच आहेत. खादीचेच कापड हवे हा नियम ३० डिसेंबर २०२१ ला सैल झाला, पॉलिएस्टर आणि यंत्रावरचे कापड चालू लागले. २०२२ साली घरोघर झेंडे लागले तेव्हा अनेक बचतगटांना शिवणकाम मिळाले, आणि बेंगेरीत मात्र पोटावर पाय आला म्हणून निषेध झाला. एका बाईच्या हाताला काम, दुसरीच्या हातचे गेले. यात कोणाची बाजू घ्यायची ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही. तुमच्या गटांनी शिवले असतील तर एका झेंड्यामागे किती सुटले, ते जेवताना मला सांगा.

आता कामाचे. १५ ऑगस्टला झेंडा खाली बांधलेला असतो, तो दोरीने वर चढवायचा, म्हणून त्याला ध्वजारोहण म्हणतात. २६ जानेवारीला तो वर बांधलेलाच असतो, नुसता उघडायचा. केशरी वर आहे ना हे आपण स्वतः पाहायचे. आत फुलांच्या पाकळ्या घालायला नियमाने हरकत नाही. गाठ आदल्या दिवशी शिपाई बांधतो. त्या वेळी तुम्ही तिथे उभ्या राहा, निदान एकदा. ती गाठ म्हणजे परकराच्या नाडीची गाठ आहे, दुसरे काही नाही. एक टोक ओढले की सुटते. आपण रोज बांधतो, रोज सोडतो. (हसू नका. हे गावच्या सभेत म्हटले तर माझी धडगत नाही.)

२६ जानेवारीची अडचण वेगळी आहे. दिवाळीनंतर आपल्या कातकरी मैत्रिणी वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर गेलेल्या असतात. सरपंच बाई भट्टीवर, झेंडा उपसरपंचाच्या हाती. इथे कोणी मुद्दाम अपमान केला असेही म्हणता येत नाही. उचल घेतलेली असते, मालक एका दिवसाची सुट्टी देत नाही. तेव्हा ज्यांचे असे होते त्यांनी आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना लेखी कळवा की मी येणार आहे. भट्टीमालकाशी बोलायला आमच्यापैकी कोणीतरी येईल. पेणच्या हमरापूर भागातल्या बायांचे ऑगस्टमध्ये गणपतीच्या रंगकामामुळे असेच होते. त्यांनीही एक सकाळ आधीच बाजूला काढून ठेवावी.

अंगणात एक बांबू रोवला आहे. दोरी आहे, आणि झेंड्याऐवजी माझी जुनी ओढणी. प्रत्येकीने दोनदा बांधायची, दोनदा सोडायची. रोह्याच्या बायांना संध्याकाळची गाडी गाठायची आहे, म्हणून आधी त्या.