दुष्काळ आणि घरातली कणगी

दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन आठवते. पण त्याची खरी झळ पोचते ती घरातल्या कणगीला आणि चुलीला.

मराठवाड्यात आणि सोलापूरच्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. परतीचा पाऊस हुकला, की पेरणी फसते. मग माणसांना धान्य नाही आणि जनावरांना कडबा नाही. वैरण संपली की दुभती गाय बाजारात जाते; तिच्याबरोबर लेकरांच्या ताटातलं दूध-ताकही जातं. शेतमजुरी थांबलेली, त्यामुळे विकतची डाळ-भाजी परवडत नाही. पुष्कळ घरांत सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला सर्वांत कमी येतं.

१९७२च्या दुष्काळात लाखो माणसं सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक आहार, यांवर अनेक घरं तगली. त्याच अनुभवातून राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनच्या प्राधान्य गटातल्या कुटुंबांत प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला.

पण नुसत्या धान्यानं पोषण होत नाही. म्हणून एकाच नगदी पिकावर विसंबू नका. ज्वारी-बाजरीबरोबर तूर, मटकी, हुलगा पेरा. बांधबंदिस्ती करून पाणी अडवा. रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे ना, पाहा. गरज पडली तर ग्रामपंचायतीकडे काम मागा; तो तुमचा हक्क आहे.

पाऊस आपल्या हाती नाही. पण गावातलं एकही लेकरू उपाशी निजू नये, हे पाहणं आपल्या हाती आहे.