कमान आणि पंक्चरची पेटी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक क्षेत्रातील बदल' असा विषय छापला आहे. तो मी आज सोडून देते. इथल्या निम्म्या लोकांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत, ती घरी रोज तेच ऐकवत असतील. मी येताना सायकलची एक पंक्चर झालेली ट्यूब, पंप, काचकागद, सोल्युशन आणि ठिगळं आणली आहेत. शिपाईमामांनी पाण्याची बादली दिली आहे. तुमच्यासमोर पंक्चर काढते आणि काढता काढता एक मागणं मांडते.

हे डोक्यात कुठून आलं ते आधी सांगते. दिवाळीत गावी आले होते, तेव्हा मेळाव्याच्या तयारीसाठी शाळेत चक्कर मारली. पूर्वी जिथे कवायतीचं सामान असायचं, त्या खोलीमागे अकरा सायकली उभ्या होत्या. सगळ्या लेडीज, सगळ्या एकाच रंगाच्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मिळतात, त्या. सवयीने एकेकीचं चाक दाबून पाहिलं. एकीची चेन तुटलेली, एकीला पायडल नाही. उरलेल्या नऊ फक्त हवा नाही म्हणून उभ्या होत्या.

दहावीचे जादा तास चालू होते. एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, पंचर झाली की इथंच ठेवते अन् काळी-पिवळीनं जाते. पैसे नसले की दुसऱ्या दिवशी खाडा." एवढं बोलून ती वर्गात पळाली. तक्रारीचा सूरही नव्हता, आज पाऊस आहे म्हणावं तसं म्हणाली.

शाळेसमोर चाचांचं सायकलचं दुकान होतं, ते तुम्हाला आठवत असेल. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. पंक्चरवाला आहे तो हायवेवर, दोन किलोमीटर लांब, आणि त्याच्यापुढे ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींची रांग. सायकलचं चाक हातात घ्यायला तो नाखूश असतो. त्यालाही पोट आहे. पण चार किलोमीटरवरच्या वस्तीतल्या मुलीने आधी उलट दिशेला दोन किलोमीटर सायकल ढकलत न्यायची आणि मग अंधारात घरी जायचं, हे कुठली आई मान्य करील? आणि चार-सहा खाडे झाले की घरात 'राहू दे आता शाळा' हा विषय निघतो, हे या सभागृहातल्या बायकांना मी सांगायला नको.

आता ट्यूबकडे वळू. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. चाक काढायची गरज नसते. व्हॉल्व्ह काढून उरलेली हवा सोडायची आणि टायरची एकच बाजू रिममधून बाहेर घ्यायची. त्यासाठी पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. एक पंक्चर काढता काढता दोन नवीन होतात. टायर घट्ट असेल तर समोरच्या बाजूने तो दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात सरकवा, म्हणजे इकडे ढिला पडतो. मग ट्यूब ओढून घ्यायची, हवा भरायची आणि थोडी थोडी पाण्यात बुडवत जायची. हे बघा बुडबुडे. मागच्या रांगेला दिसले नसतील तर विश्वास ठेवा.

त्याआधी एक तपासणी असते, ती विसरू नका. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी असते, वॉल-ट्यूब. ती कुजली की हवा हळूहळू जाते आणि आपण ट्यूबवर उगाच संशय घेतो. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावायचा. फुगला तर वॉल-ट्यूब बदला, काम दोन मिनिटांचं. बाई, क्षमा करा, पण शास्त्र असंच आहे.

भोक कुठे आहे यावरून कारण कळतं, आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा, आणि आपल्याकडे काटा म्हणजे नव्वद टक्के वेळा सराटा नाहीतर बाभूळ. जवळजवळ दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. भोक आतल्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि तारेचं टोक लागतंय. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर वेळ घालवू नका, नवीन ट्यूब घ्या. आमच्या कामात याला रूट कॉज म्हणतात आणि त्यासाठी बारा माणसांची बैठक बसते. चाचा ते एकटे, विडी ओढत करायचे. काटा असेल तर टायरच्या आतून हळूच बोटं फिरवून तो शोधून काढायचा. तो आत राहिला तर ठिगळ कितीही छान बसू दे, सायकल पुढच्या वळणावर पुन्हा बसते.

ट्यूब कोरडी केली. आता काचकागदाने भोकाभोवतीची जागा घासते, ठिगळापेक्षा थोडी जास्त. रबराच्या वरची जुनी, गुळगुळीत पापडी निघून खालचं ताजं रबर दिसलं पाहिजे. त्यावर सोल्युशनचा पातळ हात. आणि आता काहीच करायचं नाही. चार-पाच मिनिटं थांबायचं. लोकांची पंक्चरं इथेच फसतात, ओल्या सोल्युशनवर ठिगळ दाबतात. त्यातला द्रव उडून जावा लागतो, तो अडकून राहिला तर ठिगळ कधीच धरत नाही. आपल्याला वाटायचं चाचा उगाच वेळ काढतात, चेनला तेल घालतात, चहा मागवतात. ते सोल्युशन वाळायची वाट बघत असायचे.

तोवर एक गोष्ट सांगते. हवेचा टायर १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने पेटंट केला. मुलाच्या तीनचाकीला दगडांचे धक्के बसू नयेत म्हणून त्याने तो बनवला होता. पण तो टायर रिमला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये मिशेलीन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार पंक्चर घेऊन आला. दुरुस्तीला तीन तास गेले, वर डिंक वाळायला अख्खी रात्र, आणि दुसऱ्या दिवशी ते काम पुन्हा सुटलंच. त्यावरून त्यांनी काढता-घालता येणारा टायर बनवला. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँने त्याच टायरवर जिंकली. म्हणजे हे टायर बाहेर काढणं, ट्यूब ओढणं, जे आपण आता केलं, ते सामान्य माणसाला रस्त्यात जमावं म्हणूनच योजलेलं आहे.

वाळलं. बोट लावलं तर चिकटतंय, पण ओलं येत नाही. आता ठिगळाचा कागद काढून मधून कडेला दाबत न्यायचं. याच्या बुडाच्या थरातलं रसायन सोल्युशनशी मिळून साध्या तापमानालाच रबराला रबर सांधतं. तयार ठिगळ मिळालं नाही तर जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो. तो दोन्ही अंगांनी घासायचा नाही, एकाच. त्यालाही सोल्युशन लावून वाळवायचं, आणि कोपरे गोल कापायचे. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातून उचकटतं.

हे मला चाचांनी शिकवलं नाही. आपल्याच वर्गातल्या, पाच किलोमीटरवरून येणाऱ्या एका मैत्रिणीने शिकवलं. ती मधल्या सुट्टीत दुकानात उभी राहून बघायची, पुढे चाचांनी तिला जुन्या ट्यूबचे तुकडे आणि अर्धं संपलेलं सोल्युशन दिलं. कॅनॉलच्या पुलावर तिने त्या रस्त्याच्या किती मुलींच्या सायकली दुरुस्त केल्या, त्याचा हिशेब नाही. पाण्याला कॅनॉल होताच. त्या रस्त्याने येणाऱ्या सहाही मुली दहावी झाल्या. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेतलं तर जेवायच्या वेळी माझी खैर नाही.

आता मागणं. ग्रुपवर दोन महिने चर्चा चालली आहे की आपल्या बॅचतर्फे शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यायची. वर ग्रॅनाइटची पाटी, पाटीवर आपली नावं. अंदाजपत्रक तीन लाखांच्या पुढे गेलं आहे. माझा कमानीला विरोध नाही, मीही वर्गणी दिली आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की त्या मागच्या खोलीजवळ नऊ सायकली उभ्या असताना कमान दुसऱ्या नंबरवर यावी. एक चांगला उभा पंप, दोन हातपंप, पट्ट्या, पाने, ठिगळं, सोल्युशन, वॉल-ट्यूब आणि आठ-दहा नव्या ट्यूब, हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत बसतं आणि कमानीच्या एका खांबाच्या रंगाइतकाही खर्च येत नाही. दरवर्षी थोडी भर घालावी लागेल, कारण उघडलेलं सोल्युशन वाळून जातं.

सोल्युशनबद्दल मुख्याध्यापकांना एक विनंती. ते पेट घेतं, आणि त्याचा वास घेण्याची सवयही मुलांना लागू शकते. म्हणून ट्यूबा मोजून, कुलपात, एका शिक्षकांच्या ताब्यात असाव्यात आणि काम उघड्यावर व्हावं.

पेटी देऊन भागणार नाही, नाहीतर तीही सायकलींशेजारी गंजेल. शिकवायला माणूस हवं. तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीने होकार दिला आहे, महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. गावात राहणारे आणखी दोघं-तिघं मिळाले तर पाळी लावता येईल. मुलांनाही शिकवायचंच, पण पहिली पाळी मुलींची, कारण सायकली त्यांच्या आहेत. मी पुण्याहून दर वेळी येऊ शकणार नाही, दिवाळी आणि मे महिना माझा.

पहिली सुरुवात उद्याच करू. बस दुपारी दोनची आहे, सकाळ मोकळी आहे. नऊपैकी निदान पाच सायकली जेवायच्या आधी उभ्या राहतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी साडेआठला मागच्या खोलीजवळ यावं, आणि आजचे कपडे घालून येऊ नये. काळं निघत नाही.