टोकियोच्या मुलींचा रविवार

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वेशभूषेवर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली. पैठणी, शालू, नऊवारी यांविषयी आपण साऱ्याच जाणत्या आहात. तेथे मी नवे काय सांगणार? म्हणून आज आपल्याला जपानला नेते. जपान म्हटले की डोळ्यांपुढे किमोनो येतो. मला मात्र तेथील तरुण मुलींनी रस्त्यावर निर्माण केलेल्या चित्रविचित्र पोशाखांविषयी बोलायचे आहे. त्यांची छायाचित्रे पाहून आपण सहज म्हणतो, “काय ही थेरं!” त्या थेरांच्या मागे काय आहे, ते पाहू.

जपानी मुलगी शाळेत जाते ती गणवेशात. कित्येक शाळांत केसांचेही नियम असतात. केस काळेच हवेत, हा त्यांतलाच एक. आपले केस जन्मतःच तपकिरी असून ते वारंवार काळे करायला लावले, म्हणून ओसाकाकडील एका मुलीने २०१७ मध्ये दावा लावला. २०२१ मध्ये निकाल लागला. नियम गैर नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ती शाळेत येईनाशी झाल्यावर तिचे बाक हलवले व पटावरचे नाव काढले, याबद्दल तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई देवविली. टोकियो महानगराच्या शाळांनी केस काळे करायला लावण्याचा नियम एप्रिल २०२२ पासून काढून टाकला.

सहा दिवस इतके आखीव असले, की सातव्या दिवशी मन उसळी घेणारच. कधी कधी तर ते गणवेशातच उसळते. १९७० नंतर तेथे ‘सुकेबान’ नावाच्या दांडग्या मुलींच्या टोळ्या गाजल्या. त्यांनी गणवेशाचा घागरा आखूड केला असेल, असे आपल्याला वाटेल. नव्हे! त्यांनी तो घोट्यांपर्यंत लांब केला. लांब घागरा म्हणजे मर्यादा, हे आपले गणित. तेथे तीच बंडाची खूण झाली. कापडाला स्वतःचा अर्थ नसतो. तो नेसणारीच्या मनात असतो.

आता या पोशाखांचे माहेर जे हाराजुकू, तेथे जाऊ. हा टोकियोचा एक भाग. एका बाजूला १९२० मध्ये उभे राहिलेले मेइजी सम्राटांचे देवस्थान आणि त्याचे दाट वन. शेजारीच युद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी ती जागा जपानला परत मिळाली, खेळाडूंचा तळ तेथे पडला आणि पुढे तेथे योयोगी उद्यान झाले. १९७७ पासून दर रविवारी जवळचा रुंद रस्ता वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना मोकळा ठेवू लागले. मुलींना हवे होते ते मिळाले : बसायला, नाचायला, एकमेकींना पाहायला जागा. १९८० च्या सुमारास भडक रंगांचे ढगळ झगे घालून तरुणतरुणींचे घोळके तेथे नाचत. ज्या दुकानातून हे झगे येत, त्याचे नाव ‘ताकेनोको’, म्हणजे बांबूचा कोंब. त्यावरून त्यांची जमातही ‘कोंबवाली’ म्हणून ओळखली गेली.

पुढे अनेक तऱ्हा निघाल्या. त्यांपैकी एकीचे नाव ‘लोलिता’. नाबोकोव्हची कादंबरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या भुवया उंचावतील. पण पोशाख पाहावा तर गळ्यापर्यंत झाकलेला, गुडघ्यापर्यंत घेरदार झगा, तो फुलून राहावा म्हणून आत जाळीचा परकर, लांब मोजे, डोक्याला झालरीचे टोपडे आणि हाती लेसची छत्री. पुरुषांना रिझवण्यासाठी हा वेष नाही, असे या मुली ठासून सांगतात. आणि तो पाहिल्यावर ते पटते. या छंदाला वाहिलेले एक नियतकालिक २००१ ते २०१७ पर्यंत निघत होते. त्यात कपडे बेतायचे नमुने छापलेले असत. म्हणजे कात्री आणि सुई हातात असल्यावाचून ही हौस पुरी होत नसे.

दुसरी तऱ्हा शिबुया भागातली. गोरा रंग सात उणिवा झाकतो, अशी जपानी म्हण आहे. लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्या आपल्याला ती परकी वाटू नये! १९९५ नंतरच्या काही वर्षांत ‘गांगुरो’ मुलींनी चेहरे मुद्दाम उन्हाने रापल्यासारखे गडद केले, ओठ पांढरे रंगवले आणि केस पिंगट केले. ते रूप सुंदर होते की नाही, यावर वाद घालता येईल. पण गोरेपणाच्या म्हणीला त्यांनी भर रस्त्यात उलट उत्तर दिले, हे खरे.

नोवाला ताकेमोतो यांच्या २००२ मधील कादंबरीवर २००४ मध्ये एक चित्रपट निघाला. भातखाचरांच्या गावात झालरीचे झगे घालून हिंडणारी एकलकोंडी मुलगी आणि मोटारसायकलवरची एक दांडगट मुलगी, यांच्या मैत्रीची ही गोष्ट. मला त्यात भावले ते हे, की या दोघींना जवळ आणते ते भरतकाम. पहिली दुसरीच्या अंगरख्यावर सुईने अक्षरे भरून देते.

१९९८ मध्ये तो रस्ता रविवारीही वाहनांना खुला झाला आणि मुलींची बैठक मोडली. शोइची आओकी हे छायाचित्रकार १९९७ पासून ‘फ्रूट्स’ मासिकात त्यांची चित्रे छापत. कोणता कपडा विकत घेतला, कोणता जुन्या बाजारातला, कोणता स्वतः शिवला, हेही शेजारी लिहीत. टिपण्यासारखी मुले आता दिसेनाशी झाली, असे म्हणून त्यांनी २०१७ मध्ये मासिक थांबवले. तयार कपड्यांची स्वस्त दुकाने वाढली होती, हेही एक कारण. छंद मात्र मेला नाही. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने मिसाको आओकी या तरुणीला लोलिता पोशाखाची दूत म्हणून नेमले. ती शिक्षणाने आणि पेशाने परिचारिका. रुग्णसेवा करणारे हात सुटीच्या दिवशी झालरी बांधतात. त्याने सेवेत काय उणे येते?

भगिनींनो, एके काळी पायांत जोडे घालून, छत्री उघडून चालणाऱ्या बाईला आपल्याकडेही थेरं करते असेच म्हणत. आज छत्रीवाचून आपण बाहेर पडत नाही. म्हणून घरातली मुलगी काही विचित्र घालून पुढे उभी राहिली, तर “लोक काय म्हणतील?” हे लगेच विचारू नका. आधी विचारा, “हे तू शिवलेस कसे? आणि कुणासाठी?” ती “माझ्यासाठी” म्हणाली, तर तिला जवळ बसवून घ्या. सुई, मैत्रिणी आणि हक्काची जागा, या तिन्हींवर टोकियोच्या मुलींचा रविवार उभा होता. आपले मंडळही याच तिन्हींवर उभे आहे. आपल्या लेकीसुनांना येथे, त्यांना आवडेल त्या वेषात, यावेसे वाटो, एवढी इच्छा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.