मनाचे औषध आणि देहाचा हिशेब



१९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर या वैद्यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिनचा प्रयोग केला आणि मनोविकारांच्या उपचारांत नवे युग सुरू झाले. ज्यांचे आयुष्य कोंडवाड्यातच सरायचे, असे कित्येक जण घरी परतू शकले. या औषधांवर सरसकट टीका करणाऱ्यांनी हे ऋण विसरणे योग्य नव्हे.

या जुन्या औषधांनी हात कापत, अंग ताठरे. १९९० नंतर ओलान्झापिनसारखी नवी औषधे सर्रास वापरात आली. तो त्रास कमी झाला. पण दुसरा उभा राहिला. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांमुळे भूक अनावर होते, वजन चढते, रक्तातील साखर व चरबी वाढते. अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केटी’ या अभ्यासात ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन दरमहा सरासरी सुमारे ९०० ग्रॅमने वाढल्याचे आढळले. त्याच अभ्यासात परफेनाझिन हे जुने, स्वस्त औषध बहुतेक नव्या औषधांच्या तोडीचे ठरले.

गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरण पावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. यातील बरेचसे मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. सारा दोष औषधांचा नाही. दारिद्र्य, तंबाखू आणि उपेक्षा यांचाही त्यात वाटा आहे. उपेक्षा किती, तेही ‘केटी’नेच दाखविले. अभ्यासाच्या आरंभी ज्यांना मधुमेह होता त्यांपैकी ३० टक्के, उच्च रक्तदाब होता त्यांपैकी ६२ टक्के आणि रक्तातील चरबीचा विकार होता त्यांपैकी ८८ टक्के रुग्णांना त्यावर कोणताही उपचार मिळत नव्हता. रुग्ण डोक्याने बिघडला, एवढे कळले की त्याला देहही आहे याचे विस्मरण होते!

आणि बाजाराचे काय? २००९ साली एलाय लिली कंपनीने ओलान्झापिनचा मान्यता नसलेल्या उपयोगासाठी प्रचार केल्याचा गुन्हा कबूल केला आणि सुमारे १४२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. नफा उत्पादकाच्या खात्यावर आणि खर्च रुग्णाच्या देहावर, अशी ही विभागणी आहे. मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, बुडालेली मजुरी हा खर्च औषधाच्या किमतीत कधीच दिसत नाही. तो कुटुंब सोसते.

उपाय दुर्मीळ नाही. औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि पुढे नियमाने वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर व चरबी तपासावी, असे अमेरिकेतील मधुमेह व मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ सालीच सांगितले. वजनाचा काटा आणि मोजपट्टी यांना परकीय चलन लागत नाही. गरज पडल्यास औषध बदलता येते; मेटफॉर्मिन या स्वस्त औषधाचाही उपयोग होतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २१ व्या कलमाने मनोरुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. मात्र मनाची गोळी एका रांगेत आणि रक्ताची तपासणी दुसऱ्या रांगेत असेल, तर तो हक्क कागदावरच राहील. ज्या दिवशी गोळी मिळते त्याच दिवशी, त्याच ठिकाणी तपासणी व्हावी, ही मागणी धरली पाहिजे.

एक इशारा आवश्यक आहे. हे ऐकून कोणीही गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्याने जुना आजार उसळून येतो. औषध चालू ठेवून तपासणी मागणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.