पगारपत्रकामागचा सल्लागार



गावातला एखादा मुलगा पुण्याला किंवा हैदराबादेला नोकरीस लागतो. काम काय, असे विचारले तर वडील सांगतात, "कंप्युटरवर असतो." मुलगा स्वतः सांगतो, "मी एच. आर. सॉफ्टवेअरचा इम्प्लिमेंटेशन कन्सल्टंट आहे." ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. हा मुलगा नेमके करतो काय, आणि ते करायला अंगी काय असावे लागते, याविषयी आज बोलायचे आहे. शिक्षकांनी हे जरूर ऐकावे. बारावी किंवा पदवी झालेली मुले "सर, हा कोर्स करू का?" म्हणून अखेर तुमच्याकडेच येतात, आणि कोर्सची फी काही थोडीथोडकी नसते.

कारखाना असो, इस्पितळ असो की शिक्षणसंस्था असो, माणसांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. कोण केव्हा लागला, वेतनवाढ कधीची, रजा किती शिल्लक, कपात कशाकशाची. पूर्वी हे सारे सेवापुस्तकात, हजेरीपटात आणि पगारपत्रकात असे. आता ते सॉफ्टवेअरमध्ये असते. एसएपी, ओरॅकल, वर्कडे या परदेशी कंपन्या किंवा आपल्याकडची डार्विनबॉक्स अशी सॉफ्टवेअर तयार करून देतात. पण तयार सदरा काही प्रत्येकाच्या अंगाला बसत नाही. त्या त्या संस्थेचे नियम त्यात बसवणे, जुन्या नोंदी त्यात आणणे, हिशेब बरोबर येतो का ते तपासणे आणि शेवटी तिथल्या कारकुनांना ते चालवायला शिकवणे, हे या सल्लागाराचे काम. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस निराळा. आपल्या मुलांचा इथेच घोटाळा होतो. त्यांना वाटते, कंप्युटरची भाषा आली की झाले.

हे काम बिघडले तर काय होते, हे न्यूझीलंडच्या शिक्षकांना विचारावे. तिथे शाळांच्या पगारासाठी ऑगस्ट २०१२ मध्ये 'नोव्होपे' नावाची नवी व्यवस्था सुरू झाली. सुमारे अडीच हजार शाळा आणि लाखाच्या आसपास माणसे. पहिल्याच पगारापासून गोंधळ झाला. हजारोंचे पगार चुकले. कुणाला कमी, कुणाला जास्त, तर काहींना मुळीच नाही! बदली शिक्षकांचे तर फारच हाल झाले. शाळेच्या कारकुनांना रात्री बसून दुरुस्त्या कराव्या लागल्या. जानेवारी २०१३ मध्ये हे निस्तरण्याची जबाबदारी सरकारला एका ज्येष्ठ मंत्र्यावर सोपवावी लागली, चौकशी झाली, आणि २०१४ मध्ये सरकारने ते काम स्वतःच्या कंपनीकडे घेतले. चौकशीत दिसले ते असे की, शंभराहून अधिक दोष आधीच ठाऊक असताना व्यवस्था सुरू केली गेली होती. म्हणजे दोष कुणाला दिसले नव्हते असे नाही. "अजून तयारी झालेली नाही, थांबा," या शब्दाला पुरेसे वजन मिळाले नाही. मला विचाराल तर या धंद्यातले सर्वांत अवघड कौशल्य तेच आहे. आणि कोणत्याही वर्गात ते शिकवत नाहीत.

आता नियमांचे पाहा. महाराष्ट्रात पगारातून व्यवसायकर कापला जातो. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. हे १०० रुपये जास्त का? कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या करावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा वेळा २०० म्हणजे २,२००. उरलेले ३०० शेवटच्या महिन्यात. ज्याला हे ठाऊक नाही तो फेब्रुवारीचे पगारपत्रक पाहून म्हणेल, यंत्र चुकले. उलट बाराही महिने २०० बसवून मोकळा होणाराही भेटतो. अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात. शिवाय कायदे बदलत राहतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 'वेतन' या शब्दाची व्याख्याच बदलली. तेव्हा कायद्याची भाषा सावकाश, ओळ न ओळ वाचण्याची सवय ज्याला आहे, तो इथे पुढे जातो. वाणिज्य शाखेचा, गणित पक्के असलेला विद्यार्थी अभियंत्याइतकाच, कधीकधी अधिकच, उपयोगी पडतो तो यामुळे.

जुन्या नोंदींची गंमत तर शिक्षकांना सांगायला नकोच! आपल्याकडे किती माणसांची जन्मतारीख १ जून आहे, हे तुम्ही जाणता. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकीत. आता परक्या प्रांतातून आलेल्या सल्लागाराला एकाच संस्थेत एवढे १ जूनवाले दिसले, की त्याला वाटते नोंदी खोट्या आहेत. आपल्या मुलाला खरे कारण माहीत असते. आणि पुढचेही माहीत असावे लागते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे ३१ मे रोजी. ३० जून बसवले तर एक महिन्याचा पगार वसूल करायची पाळी येते.

नियम पुस्तकात सापडतात, पण वहिवाट सापडत नाही. ती टाइम ऑफिसमधल्या जुन्या कारकुनाच्या वहीत असते. रात्री दहाला सुरू होऊन सकाळी सहाला सुटणारी पाळी कोणत्या दिवसाच्या हजेरीत धरायची? सणाची सुट्टी मधेच आली तर? साखर कारखान्यातला हंगामी कामगार गाळप संपल्यावर घरी जातो, पण त्याचे नाव पटावरून उडत नाही, त्याला त्या काळाचा ठरलेला भत्ता असतो. त्याला यंत्रात 'सेवेत' म्हणायचे की 'सेवेबाहेर'? हे प्रश्न साहेबाला विचारून भागत नाही. त्या कारकुनाजवळ बसावे लागते, चहा घ्यावा लागतो. तो आधी नीट बोलत नाही. हे यंत्र आपली खुर्ची घ्यायला आले आहे, अशी त्याला धास्ती असते. ती धास्ती ओळखून, खोटे आश्वासन न देता त्याला बोलते करणे हे कामाचे निम्मे अंग आहे. त्याच्याशी मराठीत बोलायचे आणि संध्याकाळी त्याचेच म्हणणे स्वच्छ, सोप्या इंग्रजीत एका पानावर लिहायचे. खेड्यातून आलेला मुलगा पहिल्या गोष्टीत वरचढ असतो, दुसरीत मागे पडतो. शाळेत भरून काढण्यासारखी उणीव आहे ही.

परवानगी कुणाला काय द्यायची, हेही त्यालाच बसवायचे असते. नाव घालणारा हात वेगळा आणि मंजुरी देणारा वेगळा हवा. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले, ते आपण वाचलेच असेल. नेमणूक खरी की खोटी, हे यंत्राला कळत नाही. पटावर आला त्याला ते पगार देते.

आता अनुभवाचे. प्रमाणपत्राने दार किलकिले होते एवढेच. एसएपीची परीक्षा बाहेरच्या माणसाला देता येते. वर्कडेचे अधिकृत शिक्षण मात्र मुख्यतः त्या कंपनीच्या ग्राहकांच्या आणि भागीदार संस्थांच्या नोकरांसाठीच असते. तेव्हा कुणी खासगी वर्गवाला त्याचे 'अधिकृत प्रमाणपत्र' देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी चौकशी करावी. "नोकरीची हमी, अनुभवाचा दाखला आम्ही देऊ," असे म्हणणाऱ्याच्या तर पायरीलाही उभे राहू नये. खोटा दाखला पुढे पडताळणीत सापडतो आणि मिळालेली नोकरी जाते.

खरा अनुभव म्हणजे एका संस्थेचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले असणे. त्यातही जुनी व नवी पद्धत दोन-तीन महिने शेजारी-शेजारी चालवून प्रत्येक माणसाचा पगार रुपया-रुपयाने ताडून पाहतात, तो काळ. दोन्हींत सात रुपयांचा फरक आला तर तो का आला, हे शोधण्यात रात्र जाते. कधी नवीन चुकलेले असते, तर कधी जुनेच दहा वर्षे चुकत आलेले असते, आणि मग ते मालकाला सांगायचे कसे, हा आणखी एक प्रश्न!

हे शिकायला शहरातच जायला हवे असे नाही. जवळच्या साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात, दूध संघात, किंवा एखाद्या संस्थेच्या आस्थापना विभागात सहा महिने उमेदवारी केलेला मुलगा पुढे मुलाखतीत निराळा उठून दिसतो. पगारपत्रक हाताने करून पाहावे, पन्नास माणसांचे तरी. गावच्या शाळेत लिपिक असतील तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने, कुणाची खासगी माहिती बाहेर न नेता, त्यांच्याजवळ बसावे आणि पगारबिल तयार होताना पाहावे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्यांना प्रश्न विचारू नयेत. तेव्हा ते कामात असतात.